मासा वाढत्या अंगाचा

मुलांचा शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला आठवणीने सांगतो, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हो!" बूट घेतानाही पुढे बोटभर जागा आहे ना, हे अंगठ्याने दाबून पाहतो. वर्षभरात पोर किती उंच होईल याचा अंदाज आपल्याला असतो. पण तेच पोर हट्टाने आपल्याला माशांच्या दुकानात घेऊन जातं, प्लॅस्टिकच्या पिशवीतला तीन इंचांचा मासा आपण घरी आणतो आणि त्याच्या वाढत्या अंगाचा विचार मात्र कुणाच्या मनात येत नाही.

गेल्या मे महिन्यात मी भिलाईला मावसबहिणीकडे गेले होते. ताईचं घर म्हणजे स्टील प्लांटच्या टाउनशिपमधलं पहिल्या मजल्यावरचं क्वार्टर. भाऊजींचे वडील कारखान्याच्या नोकरीसाठी नागपूरहून इथे आले आणि इथलेच झाले. भाऊजीही त्याच कारखान्यात, रेल मिलमध्ये. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आत कूलरची घरघर आणि बैठकीच्या कोपऱ्यात दोन फुटी काचेची टाकी. टाकीत दोन राखाडी मासे, प्रत्येकी चांगला फूटभर लांब. एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. हलत नव्हते, नुसते उभे होते. एकाचं नाक काचेवर आपटून आपटून सोलवटलं होतं.

"हे शार्क आहेत मावशी," आठवीतल्या भाच्याने माहिती पुरवली. "आणले तेव्हा बोटाएवढे होते. आता वळता येत नाही त्यांना. आधी मागे सरकतात, मग मान मुरडतात."

"या पोट्ट्याचा हट्ट, दुसरं काय!" भाऊजी म्हणाले. "मी म्हणतो, रात्री नेऊन तलावात सोडून देऊ. मोकळे तरी होतील बिचारे."

भाचा काही बोलला नाही. जरा वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मैत्रीबागेतल्या वाघाला पिंजऱ्यात येरझाऱ्या तरी घालता येतात. यांना तेवढंही नाही." १९७२ साली स्टील प्लांटने उभारलेली मैत्रीबाग ही भिलाईच्या मुलांची हक्काची जागा. तिथल्या पांढऱ्या वाघासमोर उभं राहून जे पोराला कळलं, ते आम्हा मोठ्यांना घरातल्या टाकीसमोर बसून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेप घेऊन टाकीपुढे बसलो. त्या दिवशीच्या हिशेबातून हा लेख झाला.

'टाकीएवढाच वाढतो'

मासे विकत घेताना हमखास ऐकायला मिळणारं एक वाक्य आहे : "काळजी करू नका, मासा टाकीएवढाच वाढतो." अर्धसत्य म्हणतात ते हेच. लहान टाकीत माशाची वाढ मंदावते हे खरं. पण ती तो शहाणपणाने आवरत नाही, साचलेल्या घाणीने आणि अपुऱ्या जागेने ती खुंटते. मुलाला दोन वर्षं त्याच बुटात ठेवलं, तर पाऊल बुटाएवढं राहून सुखी होणार आहे का? बोटं वाकडी होतील, चालणं बिघडेल. माशाचंही तसंच. कणा वाकतो, पर झिजतात, रोग चटकन जडतात आणि बारा वर्षं जगणारा मासा दोन-तीन वर्षांत जातो. आपण म्हणतो, "माशांचं आयुष्य ते केवढं!"

दुसरी फसगत होते ती 'इंचाला चार लिटर' या हिशेबाने. माशाच्या दर इंच लांबीमागे सुमारे चार लिटर पाणी, असा हा जुना आडाखा आहे. दीड-दोन इंचांच्या चिमुकल्या माशांना तो चालून जातो. मोठ्या माशांना तो लावता येत नाही, कारण मासा नुसता लांबीत वाढत नाही. तो रुंद होतो, जाडही होतो. लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं. भाच्याचे मासे तीन इंचांचे बारा इंच झाले, म्हणजे लांबी चौपट झाली. मग वजन किती झालं? चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे चौसष्टपट! खाणं वाढलं, घाण वाढली. टाकी मात्र तीच.

"मिलमध्ये आम्ही मिलिमीटर मोजतो," भाऊजी टेप गुंडाळत म्हणाले, "आणि घरी फुटाचा हिशेब चुकला."

आधी टेप, मग मासा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण माशाला पाय आखडता येत नाहीत. म्हणून इथे आधी पाय मोजायचे आणि मग अंथरूण घ्यायचं. दुकानात जाण्यापूर्वी एकच गोष्ट ठाऊक करून घ्या. हा मासा पूर्ण वाढल्यावर किती लांब होतो? त्यावरून पुढचे आडाखे बांधता येतात.

टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या निदान चौपट हवी. चार अंगं पोहून मग वळायचं, एवढी तरी चाल त्याला मिळायला हवी.

रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, माशाच्या लांबीइतकी तरी असावी. दीडपट असेल तर उत्तम. आपण सगळे चुकतो ते इथेच. समोरून टाकी लांबलचक दिसते, पण आत रुंदी फूटभरच असते. फूटभर लांबीचा मासा फूटभर रुंदीत सरळ वळू शकत नाही, अंग मुडपून वळतो.

उंचीचं महत्त्व सर्वांत कमी. उंच टाकी दिवाणखान्यात ऐटदार दिसते, पण मासे आडवे पोहतात. शिवाय पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळतो तो पृष्ठभागातून. त्यामुळे उंच आणि अरुंद टाकीपेक्षा बुटकी आणि पसरट टाकी माशाला मानवते. दीड ते दोन फूट उंची पुष्कळ झाली. साफ करताना आपला हात तळापर्यंत पोचायला हवा, हेही विसरू नका.

टाकीत पाणी किती मावतं, याचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे जेमतेम ५६ लिटर. चार बाय दीड बाय दीडची सुमारे २५० लिटर. सहा बाय दोन बाय दोनची पावणेसातशे लिटरच्या आसपास. पाणी काठोकाठ भरत नाही आणि तळाची वाळू, दगडही जागा घेतात. म्हणून त्यातून दहा-पंधरा टक्के वजा धरा.

कुणाला किती जागा?

आता बाजारात हमखास दिसणारे मासे घेऊ.

*गोल्डफिश.* गोल पोटाचे, झुलत्या शेपटीचे फॅन्सी गोल्डफिश सहा ते आठ इंचांचे होतात. लांबट, साधे गोल्डफिश फूटभरही वाढतात. नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं सोबत करतात. फॅन्सी जोडीला तीन बाय सव्वा बाय सव्वाची, म्हणजे सुमारे १३० लिटरची टाकी हवी. साध्या गोल्डफिशला चार फुटी टाकी, नाही तर अंगणातला हौद. टेबलावरच्या काचेच्या भांड्यात मात्र यातला एकही मासा ठेवू नये. ते भांडं मनीप्लांटला छान शोभतं.

*ऑस्कर.* दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा घरच्या माणसांना ओळखू लागतो, खाणं मागायला काचेशी येतो. म्हणून त्याच्यावर जीव जडतो. तो फूटभर किंवा थोडा अधिकच वाढतो. एकट्याला चार बाय दीड बाय दीड ही कमीत कमी जागा, रुंदी दोन फूट मिळाली तर फारच छान. जोडी ठेवायची असेल तर सहा बाय दोन बाय दोन.

*फ्लॉवरहॉर्न.* कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा निसर्गात सापडत नाही. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तो तयार झाला. भाग्यवान म्हणून तो चढ्या भावाने विकला जातो. वाढ ऑस्करएवढीच, स्वभाव मात्र भांडकुदळ. चार फुटी टाकीत तो एकटाच ठेवावा.

*अरोवाना.* फेंगशुईच्या लाटेत हा दुकानांच्या गल्ल्यांपर्यंत पोचला. चंदेरी अरोवाना अडीच-तीन फूट वाढतो. चौपटीच्या नियमाने त्याला दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद टाकी लागते, म्हणजे बैठकीची एक आख्खी भिंत. सहा फुटी टाकीत तो तरुणपणापर्यंतच मावतो. शिवाय ॲमेझॉनच्या खोऱ्यात फांदीवरचे किडे टिपायला पाण्याबाहेर झेप घेणारा हा मासा आहे. टाकीला जड आणि घट्ट झाकण नसेल, तर सकाळी तो फरशीवर सापडतो.

*सकर.* 'काच साफ करतो' म्हणून दोन इंचांचा फुकटही देतात. हा एक ते दीड फूट होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो.

*आणि 'शार्क'.* भाच्याच्या टाकीतले मासे कुठल्याही अर्थाने शार्क नव्हते. ते होते पंगास, म्हणजे आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतली मांजरमाशाची एक जात. हॉटेलात 'बासा' या नावाने ताटात येतो तोही बहुतेक वेळा हाच. १९९० च्या दशकात तो बांगलादेशमार्गे आपल्याकडे आला आणि आज छत्तीसगडातल्या तळ्यांत, जलाशयांतल्या पिंजऱ्यांत त्याची शेती होते. पूर्ण वाढला तर लांबी चार फुटांवर जाते आणि वजन चाळीस किलोंवर. शिवाय तो थव्याने राहणारा आणि दचकणारा मासा. दार आपटलं तरी उसळी मारून काचेवर धडकतो. नाक सोलवटलं होतं ते त्यामुळेच. पंगास, लाल शेपटीचा कॅटफिश आणि मगरीच्या तोंडाचा ॲलिगेटर गार या तिघांना मावेल अशी टाकी कुठल्याही साध्या घरात नसते. ते विकत घ्यायचेच नाहीत.

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. योगायोग असा, की १९५९ साली भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. सुट्टीत मुंबईला गेलेल्या कित्येक मराठी घरांत मोठ्या माशांची हौस शिरली ती त्या मत्स्यालयातून. पण तिथे माशांच्या दिमतीला माणसं होती, यंत्रं होती. आपल्या घरी आपणच असतो आणि एक बादली असते.

मारुतीपेक्षा जड

मोठी टाकी घ्यायचं ठरवलं, तर पुढचा प्रश्न वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार फुटी टाकी पाणी, काच, वाळू आणि स्टँड धरून तीनशे किलोंच्या आसपास जाते. सहा बाय दोन बाय दोनची भरलेली टाकी आपल्या जुन्या मारुती ८०० गाडीपेक्षा जड होते. घरातल्या जमिनीचा हिशेब साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून केलेला असतो. म्हणून मोठी टाकी तळमजल्यावर ठेवलेली बरी. वरच्या मजल्यावर चार फुटीसुद्धा ठेवायची तर खोलीच्या मध्यावर नको. भार पेलणाऱ्या भिंतीला लागून किंवा तुळईवर ठेवा. त्याहून मोठी असेल, तर आधी जाणकाराला विचारा. भिलाईत त्याची चिंता नाही, दर दुसऱ्या घरी इंजिनियर असतो!

काचेची जाडी टाकीच्या उंचीवर ठरते, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दीड फूट उंचीला आठ ते दहा मिलिमीटर आणि दोन फुटांना बारा मिलिमीटर काच असावी. टाकीखाली थर्माकोलचा सपाट तुकडा घालायला विसरू नका. स्टँडमधला बारीकसा उंचसखलपणा तो झाकून घेतो, नाही तर एखाद्या रात्री तळाची काच तडकते. टाकी जुनी घेतली असेल तर घरात आणण्यापूर्वी अंगणात भरून एक दिवस तशीच ठेवा आणि सांध्यांतून पाणी झिरपतं का ते पाहा.

टाकीचं विरजण

नवी टाकी भरून त्याच दिवशी मोठा मासा सोडला, तर तो आठवड्याभरात आजारी पडतो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. हा अमोनिया म्हणजे त्याच्यासाठी विषच. फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू सूक्ष्म जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून बरंच सौम्य नायट्रेट. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर दह्याची युक्ती करा. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी टाकी असली, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. हेच टाकीचं विरजण. मग हा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

उरलेलं नायट्रेट मात्र पाणी बदलल्याशिवाय जात नाही. मोठ्या माशांच्या टाकीतलं पाव हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलावं. चार फुटी टाकीला त्यासाठी चार बादल्या लागतात. टाकी घेण्याआधी स्वतःला विचारा, दर रविवारी चार बादल्या कोण भरणार? सहा फुटीला दहा. भर उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं, हेही आठवा. फिल्टर असा घ्या, की तासाभरात टाकीतलं सगळं पाणी त्यातून निदान चार वेळा फिरेल.

मे महिन्यातली टाकी

थंड गावातल्या पुस्तकांत टाकीचा हीटर कसा लावावा ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे प्रश्न उलटा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात नऊ मिलिग्रॅम मावतो, तर पस्तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सात. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला. त्यातच दुपारी वीज गेली, फिल्टर बंद पडला, की मासे वर येऊन तोंड वासतात.

इथे मोठ्या टाकीचा खरा फायदा दिसतो. पातेलंभर पाणी पटकन तापतं, हौद सावकाश तापतो. पाणी जितकं जास्त, तितके त्यातले चढउतार हळू होतात, मग ती उष्णता असो की घाण. 'आधी लहान टाकीवर हात बसवू, मग मोठी घेऊ,' असं नवशिके म्हणतात. खरं तर चुका पोटात घालते ती मोठी टाकी.

मग उन्हाळ्यात काय करायचं? टाकी खिडकीच्या उन्हात आणि पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. पृष्ठभागावरून पंख्याचा वारा जाऊ द्या, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडून गेलेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका. फारच तापलं तर झाकण घट्ट लावलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली तरंगत सोडा. खाणं निम्म्यावर आणा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. आणि छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी मुळीच घालू नका. भिलाईच्या मे महिन्यात त्या पाण्याने हात पोळतो. पाणी रात्री बादल्यांत भरून घरात ठेवा. सकाळपर्यंत ते निवतं, क्लोरीनही बरंच उडून जातं. वर क्लोरीन मारणारे थेंब घातले की काम झालं.

तलावात सोडू नका

आता भाऊजींचा बेत. मासा मोठा झाला की शंभरातल्या कितीतरी घरांत हाच विचार येतो आणि त्यात क्रूरपणा नसतो, दयाच असते. पण ही दया तलावाला महाग पडते.

छत्तीसगड हा तलावांचा मुलूख. दुर्ग जिल्ह्यातल्या धमध्याची ओळखच 'छै आगर छै कोरी' तलावांचं गाव अशी सांगतात. कोरी म्हणजे आपली मराठीतली कोडी, वीस. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव! अशा तलावांत आंघोळ होते, गुरं पाणी पितात आणि रोहू, कटला, मांगूर यांवर कित्येक घरांची चूल पेटते. त्यात परदेशी मासा सोडला, तर एक तर तो उपाशी मरतो, नाही तर जगतो आणि इथल्या माशांच्या तोंडचा घास पळवतो, त्यांची पिल्लं खातो. टाकीतला रोगही सोबत नेतो.

ही नुसती भीती नाही. २०२३ साली भोपाळच्या बड्या तलावात आणि त्याच वर्षी श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. हा मासा उत्तर अमेरिकेतला. तो तिथे उडत गेला नव्हता, कुणीतरी आणूनच सोडला असणार. काच साफ करणारा सकर तर आंध्र, तमिळनाडू, केरळ, बंगालच्या पाण्यांत पसरला आहे आणि आपल्या उजनी धरणातही मिळाला आहे. त्याचे काटेरी पर कोळ्यांची जाळी फाडतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. कुणाच्या तरी टाकीत न मावलेल्या माशाचं बिल असं तिसराच माणूस भरतो.

मग मार्ग कोणते? दुकानदार परत घेतो का ते विचारा, मोठी टाकी असलेला हौशी माणूस शोधा. गोल्डफिश असतील तर तळमजल्यावरच्या कुणाच्या अंगणात सावलीतला सिमेंटचा हौद चालतो. त्यावर जाळी मात्र घाला, बगळे आणि मांजरी टपलेल्याच असतात.

भाच्याचा निर्णय

भाच्याच्या माशांसाठी हे सगळं करून झालं. दुकानदाराने नाही म्हटलं. शाळेतल्या मित्रांच्या टाक्या याच्याहून लहान निघाल्या. शेवटी भाऊजींच्या ओळखीतून पंगास पाळणारा एक शेतकरी मिळाला. स्वतःचं बांधलेलं तळं, त्यात हेच मासे. काही दिवस वेगळ्या हौदात ठेवून, रोग नाही असं पाहून तळ्यात सोडीन, असं तो म्हणाला.

ताईला वाटत होतं, पोराला सगळं सांगू नये. भाऊजींनी सांगितलं. "हे बघ बेटा, तो मासे विकतो. पुढे हे दोघंही विकले जातील."

पोराने ऐकून घेतलं. बराच वेळ टाकीपुढे बसून राहिला. मग विचारलं, "पण तोवर पोहतील ना?"

पहाटे पाचला झाकणाचा मोठा ड्रम, बॅटरीचा पंप आणि आम्ही चौघं निघालो. हौदात सोडल्यावर दोघंही क्षणभर जागच्या जागी उभे राहिले, टाकीत राहायचे तसेच, एकाचं तोंड इकडे आणि एकाचं तिकडे. मग एकाने शेपटी हलवली आणि सरळ लांब पोहत गेला. पाठोपाठ दुसरा. पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर वळले, मागे न सरकता.

परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

दिवाळीत ताईचा फोन आला. दोन फुटी टाकी त्याच कोपऱ्यात आहे. आता तिच्यात दहा झेब्रा मासे आहेत. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा हा दीड-दोन इंचांचा मासा मूळचा आपल्याच भागातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत खेळणारा. जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासासाठी पाळतात. टाकी तीच आहे, पण हा मासा दोन इंच वाढला तरी ती त्याच्या बारापट लांब ठरते. फोनवर भाचा म्हणाला, "मावशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावतात!"

तेव्हा वाचकहो, मोठ्या माशाची हौस वाईट नाही. भिंत असेल, तळमजला असेल, रविवारच्या दहा बादल्या भरायची तयारी असेल, तर अवश्य पाळा, फार आनंद देईल. नसेल, तर आहे त्या टाकीत मावेल असा लहान मासा आणा. पण दुकानात पिशवी हातात घेण्यापूर्वी शिंप्याच्या दुकानात विचारतो तोच प्रश्न मनाशी विचारा. याचं अंग वाढून वाढून किती वाढेल? आणि उत्तर मिळेपर्यंत पिशवी पुन्हा काउंटरवर ठेवा.